परतफेड न मागणारं दान



आजचं चिंतन गीतेच्या १७व्या अध्यायातल्या २०व्या श्लोकावर. भगवंत तिथे सात्त्विक दानाची खूण सांगतात: द्यायलाच हवं म्हणून दिलेलं, देश, काळ आणि पात्र पाहून दिलेलं, आणि जो परतफेड करणार नाही अशालाही दिलेलं. आपण वाचतो आणि मनात म्हणतो, आजकाल असं कोण देतं?

खिशातला फोन बघा. अँड्रॉइडच्या गाभ्यात लिनक्स आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने ते १९९१ साली जगापुढे ठेवलं. त्याच्या जीपीएल परवान्याची अट मला प्रसादासारखी वाटते. घ्या, वापरा, बदला. पण बदललेलं दुसऱ्याला देताना त्याचा सोर्स कोडही त्याच अटींवर द्या. एकट्याने दडपून ठेवायचं नाही.

माझ्या आईच्या फोनला कंपनीकडून अपडेट येणं बंद झालं. फोन ठणठणीत, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळेनात. ती रोज संध्याकाळी त्यावरच हरिपाठ वाचते. मी त्यात लिनेजओएस टाकलं. २०१६च्या अखेरीस सुरू झालेला हा प्रकल्प. कंपन्यांनी सोडून दिलेल्या कितीतरी मॉडेलांसाठी जगभरचे स्वयंसेवक नवं अँड्रॉइड तयार करतात.

आईने विचारलं, "हे करणाऱ्याला काय मिळतं रे?"

"आपल्याकडून? काहीच नाही."

"मग आपण काय द्यायचं?"

मित्रांनो, खरा प्रश्न हाच आहे. देणाऱ्याने अपेक्षा ठेवली नाही, म्हणून घेणारा मोकळा होत नाही. त्याला परत देता येत नसेल, तर पुढे द्यायचं. कुणी ॲपचं मराठी भाषांतर करेल, कुणी सापडलेली चूक नीट कळवेल, कुणी शेजारच्या काकूंचा जुना फोन पुन्हा चालता करून देईल.

मात्र तिथेही देश, काळ, पात्र पाहायचं! बूटलोडर अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. काही बँकांची ॲप्स नंतर चालत नाहीत. म्हणून आधी बॅकअप घ्या, काकूंना सगळं समजावून सांगा, आणि त्या 'हो' म्हणाल्या तरच हात लावा. आपल्या हौसेपायी कुणाची पेन्शन अडकली, तर ते दान कसलं?

आजचा संकल्प: फुकट मिळालेली एक गोष्ट आठवा आणि ती आज कुणाला तरी पुढे द्या.

राम कृष्ण हरी!