पिवळ्या कार्डाचं ऋण

घानातल्या अक्राला निघालेल्या माणसाच्या पासपोर्टात एक पिवळं कार्ड असावं लागतं. पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची, लस घेतल्याचा तो दाखला. घानात प्रवेशासाठी तो सक्तीचा आहे. लस निदान दहा दिवस आधी घ्यायची. २०१६ पासूनच्या नियमानुसार दाखला जन्मभर चालतो. ओआरएसची पाकिटं, डासांचं मलम, मलेरियाच्या गोळ्या यांच्या जोडीला हे कार्डही प्रवासी ‘आपल्या काळजीच्या’ सामानात धरतो. पण परतताना भारतातल्या विमानतळावर तेच कार्ड पुन्हा मागतात, आणि नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं. भारतात पीतज्वर नाही; तो पसरवणारा एडिस डास मात्र घराघरात आहे, डेंगी पसरवणारा तोच. टोचून एकजण घेतो, आणि राखली जातात ती त्याने कधी न पाहिलेली माणसं.

मग स्वतःला सुखरूप ठेवणं हा स्वार्थ म्हणायचा की कर्तव्य?

देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन नावं घरोघरी ठाऊक असतात. शतपथ ब्राह्मणात चौथंही सांगितलं आहे, मनुष्यऋण. माणसांना आसरा आणि अन्न देऊन ते फेडायचं. हा विचार सहसा यजमानाच्या बाजूने मांडला जातो. प्रवासी तर घेणारा. दुसऱ्याच्या शहरातलं अंथरूण, पाणी, अन्न आणि आजारी पडलाच तर तिथल्या इस्पितळातली खाट तो वापरतो. त्याच्या वाट्याला येतं ते ऋणच, आणि अक्राच्या बाबतीत ते फार जुनं आहे.

१९२७ साली आजच्या घानात असिबी नावाच्या तरुणाला पीतज्वर झाला. संशोधकांनी त्याचं रक्त ऱ्हीसस माकडाला टोचलं आणि हा विषाणू पहिल्यांदा प्रयोगशाळेत हाती आला. असिबी बरा झाला. त्या कामातले एड्रियन स्टोक्स त्याच वर्षी लागोसला पीतज्वरानेच गेले. संशोधक हिदेयो नोगुची यांचं मत होतं की हा रोग जिवाणूमुळे होतो. ते तपासायला ते अक्राला आले आणि मे १९२८ मध्ये तिथेच याच तापाने त्यांचा अंत झाला. त्यांचे सहकारी विल्यम यंगही काही दिवसांतच गेले. पुढे मॅक्स थायलर यांनी असिबीच्या रक्तातल्याच विषाणूला सौम्य करून १७डी ही लस तयार केली. १९५१ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. नोगुचींचं नाव आज अक्रातल्या लेगोनच्या संशोधन संस्थेला आहे. असिबीचं नाव विषाणूच्या वाणाला राहिलं, आणि आजही दंडात टोचल्या जाणाऱ्या लशीतला विषाणू त्याच वाणाचा वंशज आहे. ज्याच्या आजारपणावर जगाची सुरक्षितता उभी राहिली, त्याच्याविषयी इतकं कमी माहीत असावं हे बोचतं.

काळजी घेणं म्हणजे यजमानावर अविश्वास, असं वाटून काही सज्जन माणसं संकोचतात. तो संकोच अनाठायी आहे. अक्रात रस्तोरस्ती अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या पिशव्या मिळतात. कोपरा दाताने तोडून लोक तिथेच पितात. पिशवी नीट बंद आहे ना हे बघावं, कोपरा पुसावा. यात कोणाचा अपमान होत नाही. अक्राच्या लाबादी किनाऱ्यावर समुद्राची ओढ जबर असते. जीवरक्षक नको म्हणाला तर पाण्यात उतरू नये. मच्छरदाणी तर तिथली आईही बाळावर लावतेच.

मलेरियाच्या बाबतीत मात्र भारतीय प्रवासी हमखास फसतो. ‘आम्ही डासांतच वाढलो’ हा दिलासा खोटा आहे. वारंवार मलेरिया होऊन घानातल्या प्रौढांच्या अंगी थोडीफार प्रतिकारशक्ती येते. पाहुण्याजवळ ती नसते, म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या परतल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत घ्यायच्या. आफ्रिकेत मलेरियाने मरणाऱ्यांत पाच वर्षांखालची मुलंच सर्वाधिक, कारण ही ताकद यायला त्यांना वेळच मिळालेला नसतो. एप्रिल २०२३ मध्ये आर२१ या मलेरियाच्या लशीला मान्यता देणारा घाना हा जगातला पहिला देश ठरला. ती ऑक्सफर्डने विकसित केली आणि बनते पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. देवाणघेवाण इथे उलट दिशेने झाली, आणि पुणेकर प्रवाशाने तिचा अभिमान जरूर बाळगावा, पण आपल्या दंडात असिबीची लस आहे हे जाणून.

घरी परतल्यावर काही आठवड्यांनी ताप आला तर तो ‘हवापालटाचा’ म्हणून अंगावर काढू नये. डॉक्टरांनी विचारण्याआधीच घानाहून आल्याचं सांगावं आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावं. मलेरिया पसरवणारे डास मुंबईतही आहेत, आणि शेजारच्या खोलीत लहान मूल असू शकतं.