यंत्रातला स्वर आणि श्रवणभक्ती

नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाला, दुसरे कीर्तनाला आणि तिसरे स्मरणाला दिलेले आहे. आणि परंपरेने या तिहींचे आदर्शही नेमून दिले आहेत : श्रवणाचा परीक्षित, कीर्तनाचा शुकाचार्य, स्मरणाचा प्रल्हाद. यांपैकी परीक्षित आणि शुक एकमेकांवाचून सिद्धच होत नाहीत. सात दिवसांत मृत्यू येणार हे जाणणारा श्रोता समोर बसला, म्हणून तर सांगणाऱ्याची वाणी वाहती झाली. प्रल्हाद मात्र एकटा होता आणि एकटा असूनही त्याची भक्ती उणी पडली नाही. १८७७ साली एडिसनने मानवी कंठातला स्वर यंत्रात साठवून दाखवला तेव्हापासून उभा असलेला एक प्रश्न मला या तीन नावांच्या आधाराने तपासावासा वाटतो. गाणारा समोर नसताना यंत्रातून ऐकलेले भजन कोणत्या भक्तीत मोडते?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यमुलखात या प्रश्नाला विशेष धार आहे. १९४८ साली नागपूरला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला, आणि त्याच वर्षी देशात रंगीत दूरदर्शन अवतरले. १९८७ साली रामायण मालिका सुरू होताच ठिकठिकाणी लोक संचाला हार घालून, हात जोडून त्याच्यापुढे बसू लागले. त्या हात जोडणाऱ्यांचा उपहास करणे मला अनुचित वाटते. आता तर भजन, कीर्तन, नाटक सारेच मोबाइलच्या रूपाने खिशात आले आहे, आणि अंथरुणाला खिळलेल्या ज्या वृद्धेला चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीच्या यात्रेला जाणे शक्य नाही, ती उशाशी ठेवलेल्या त्या यंत्रातून देवीची गाणी ऐकते. तिची भक्ती खरी आहे, पूर्ण आहे. पण ती प्रल्हादाची आहे, परीक्षिताची नव्हे.

हा भेद केवळ शास्त्रार्थाचा नाही, याचा दाखला याच मुलखात मिळतो. चिमूर परिसराशी ज्यांचा दीर्घ संबंध होता ते तुकडोजी महाराज खंजिरीवर भजन म्हणत तेव्हा समोरचा समुदाय नुसता ऐकत नसे, तो बदलत असे. आणि १९४२ साली चिमूरचा उठाव झाल्यावर इंग्रज सरकारने महाराजांना कैदेत टाकले. गाण्याची तबकडी जप्त करता येते, तिला जाब विचारता येत नाही. जो समोर उभा राहून गातो तो आपल्या शब्दाचा जामीन असतो, आणि जो समोर बसून ऐकतो तोही त्या शब्दात बांधला जातो. महाराजांनी सामुदायिक प्रार्थनेवर इतका भर का दिला, याचा उलगडा मला इथे होतो.

याच मुलखातल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीतही गाणारा आणि ऐकणारा यांच्यातला हाच करार दृष्टीस पडतो. धानाची कापणी होऊन दिवाळी सरली की मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, यांच्या निमित्ताने गावोगाव नाटके लागतात, वडशाच्या नाटक कंपन्यांचे मुक्काम हलू लागतात, आणि रात्री उशिरा उघडलेला पडदा पहाटेपर्यंत पडत नाही. नट तिथे प्रत्यक्ष गातात. प्रेक्षकांनी पुन्हा मागणी केली की पद पुन्हा होते, आणि प्रेक्षक कंटाळले तर तेही नटाला तत्क्षणी कळते. या रंगभूमीवर आयुष्य वेचणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तो मान त्या जागत्या प्रेक्षकवर्गाचाही आहे असे मी मानतो. यंत्र गाणे हवे तितक्या वेळा ऐकवते, परंतु ऐकणारा झोपला की उठून गेला याची त्याला वार्ता नसते. म्हणून ते स्मरणाचे उत्तम साधन आहे आणि श्रवणाचे नाही, हा माझा निर्णय.

तेव्हा वडसा, नागभीड, ब्रह्मपुरीकडच्या आप्तांचे मंडईचे बोलावणे येईल त्या वर्षी ते टाळू नये. नाटकाचे तिकीट काढावे, खिशातले यंत्र बंद ठेवावे आणि पहाटेपर्यंत बसावे.