विसावा कोणाचा?

चैत्राच्या आरंभी कलबुर्गीकडील काळ्या जमिनीस भेगा पडू लागतात, बिदरकडील तांबड्या जमिनीत घातलेले पाणी पाहता पाहता जिरून जाते, आणि ऊन चढण्यापूर्वी सकाळचे जे दोन-तीन तास हाती लागतात तेच काय ते आपले, असे प्रत्येक गृहस्थास वाटू लागते. अशा दिवसांत शनिवार-रविवार जोडून सुट्टी आली की पुष्कळ नोकरदार कुटुंबांचा बेत ठरलेला असतो. बाहेरगावी जाणे नाही, लग्नकार्य नाही. सकाळी मोगऱ्याची व जास्वंदीची आळी नीट करावीत, दुपारी एखादे पुस्तक घेऊन आडवे व्हावे, संध्याकाळी दूरदर्शन संचासमोर बसावे.

या बेताविषयी आपल्या मंडळींत दोन मते ऐकू येतात. वडीलधारी माणसे म्हणतात की सुट्टी ही देवदर्शनासाठी व चार लोकांच्या उपयोगी पडण्यासाठी असते, घरात लोळण्यासाठी नव्हे. तरुण मंडळी म्हणतात की आठवडाभर राबल्यावर निवांत बसण्याचा आम्हांस हक्क आहे. दोन्ही पक्षांत तथ्य आहे. परंतु या वादात एक प्रश्न कोणी विचारतच नाही, आणि आमच्या मते तोच प्रथम विचारावयास हवा.

वडीलधाऱ्यांच्या आक्षेपास सावता महाराजांच्या चरित्रात उत्तर आहे. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील अरण गावचा हा माळी पंढरीच्या वारीस गेला नाही. मळ्यातच त्याने विठ्ठल पाहिला. इ. स. 1295 मध्ये त्याने देह ठेवला, आणि आजही पंढरपूरहून पांडुरंगाची पालखी त्याच्या भेटीस अरणला जाते. तेव्हा झाडापाशी घालविलेली सकाळ देवापासून दूर गेली, असे वारकरी परंपरा मानत नाही. मात्र चार कुंड्यांस पाणी घालणाऱ्याने लगेच सावत्याची साक्ष काढू नये, असेही आम्हांस वाटते. त्याचा मळा हा त्याचा कष्टाचा व्यवसाय होता; आपला मोगरा हा हौसेचा मामला आहे, आणि त्यास लागणाऱ्या पाण्याची घागर चैत्रात कोण भरून आणतो हे बहुधा आपण पाहत नाही.

तरुणांच्या हक्काची कथा अधिक विचार करण्याजोगी आहे. रविवारची सुट्टी कोणा राजाने उदार होऊन दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी कित्येक वर्षे खटपट केली, तेव्हा 1890 साली गिरणीमालकांनी ती मान्य केली. त्या वर्षी एप्रिलमध्ये मुंबईस कामगारांची जी मोठी सभा भरली, तिच्यात दोन कामकरी स्त्रियांनीही भाषणे केली होती. ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नसते. आपल्या भागात तर निजामाच्या राजवटीत शुक्रवार हा सुट्टीचा वार होता. रविवार आपल्या वाट्यास मागाहून आला. खंडोबाचा वार म्हणून रविवारास मान होताच, आणि भालकी तालुक्यातील मैलारच्या यात्रेस जाणाऱ्या घरांना तो वेगळा सांगावयास नको.

त्याहून जुनी एक सुट्टी आपल्या शिवारात होती. सोमवार हा शिवाचा वार आणि बैल हा शिवाचा नंदी, म्हणून सोमवारी बैलांच्या मानेवर जू ठेवावयाचे नाही, अशी रीत या भागातील शेतकरी पाळीत असत. कारहुणवीला त्यांची शिंगे रंगवून मिरवणूक निघते, ती निराळीच. ट्रॅक्टर आले आणि बैल कमी झाले, तशी ही रीतही विरळ होत चालली आहे. तरी तिच्यामागील दृष्टी फार मोठी होती. जो आपल्यासाठी राबतो आणि ज्यास तोंडाने सुट्टी मागता येत नाही, त्याचा वार धन्याने आपण होऊन पाळावयाचा.

आता घरात पाहू. कचेरीस रविवार आहे, शाळेस रविवार आहे. बँकांना तर महिन्यातील दुसरा व चौथा शनिवारही आहे. शेतातल्या मुक्या जनावरास सोमवार होता. घरातील गृहिणीस कोणता वार आहे? उलट, ज्या दिवशी सर्वजण घरी, त्या दिवशी तिचे काम दुणावते. डबे नसतात, पण दोनदा न्याहारी असते, चार वेळा चहा असतो, आणि सुट्टीचा दिवस म्हणून काहीतरी गोडाधोडाचे हवे असते. ज्या शांततेत आपण पुस्तकाची पन्नास पाने वाचली, ती शांतता स्वयंपाकघरात कोणीतरी उभे राहिल्यामुळे निर्माण झालेली असते. सुट्टी घरी घालवावी की देवळात, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस दुय्यम वाटतो. विसावा घरातील किती माणसांच्या वाट्यास आला, हा पहिला.

दूरदर्शनाविषयी आपल्या जिल्ह्यांस एक विशेष अनुभव आहे. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या एका वर्षात अमेरिकेच्या उपग्रहाच्या साह्याने भारत सरकारने सहा राज्यांतील 2400 खेड्यांत दूरदर्शन दाखविण्याचा प्रयोग केला. कर्नाटकातून त्यासाठी कलबुर्गी, रायचूर व विजयपूर या भागांतील खेडी निवडली होती. बंगळूरला दूरदर्शन येण्यापूर्वी ते आपल्याकडील खेड्यांत दिसले, ही गंमतच म्हणावयाची! गावास एक संच, दिवसाकाठी चार तास कार्यक्रम, आणि पाहणारे सारे गाव. वर्ष संपले, उपग्रह दुसरीकडे नेला, आणि पडदे काळे झाले. त्या काळास आम्ही उगाच सुवर्णयुग म्हणत नाही. सायंकाळच्या कार्यक्रमाची वेळ ही चुलीचीही वेळ होती, हे विसरून चालणार नाही. परंतु तेथे कार्यक्रम ठराविक वेळी संपत असे, आणि माणसे उठून घरी जात. आज संच आपण होऊन थांबत नाही. कोणीतरी तो बंद करावा लागतो. शेजारच्या खोलीत मुलगी परीक्षेचा अभ्यास करीत असते, आजोबांना औषधाने नुकती झोप लागलेली असते, आणि आपला विसावा भिंतीपलीकडे त्यांचा विसावा खात असतो.

वाचनाचे तसे नाही, असे काहीजण म्हणतील. पुस्तक आवाज करीत नाही. हे खरे. पण आपल्या आज्या-पणज्यांच्या घरी श्रीधरस्वामींच्या पोथ्या मोठ्याने वाचल्या जात, तेव्हा एकजण वाचीत असे आणि वाती वळणारे, शेंगा फोडणारे, धान्य निवडणारे हात ऐकत असत. पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसणे वाईट नव्हे. मात्र त्या जुन्या बैठकीत काम करणारीसही कथेचा वाटा मिळे, तो आता मिळत नाही.

बाराव्या शतकात आपल्याच कल्याणात बसवण्णांनी आणि शरणांनी कायकाबरोबर दासोहाची शिकवण दिली. श्रम हे पूजेसमान, आणि त्यांचे फळ वाटून घ्यावयाचे. आमच्या समजुतीप्रमाणे श्रमाच्या फळांत भाकरी येते तसा विसावाही येतो.

यावर काही वडील स्त्रियाच आम्हांस म्हणतात, "अहो, स्वयंपाकघर हेच आमचे निवांत बसण्याचे ठिकाण, ते काढून घेऊन आम्ही करावे काय?" त्यांचे हे म्हणणे खोटे ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाही. परंतु ती आवड आहे की केवळ सवय, हे समजण्यासाठी एखादा तरी रिकामा रविवार त्यांच्या वाट्यास आलेला असावयास हवा. आमच्या परिचयाच्या एका घरी गेल्या वर्षापासून रविवारी सकाळी बाप-लेक ज्वारीच्या भाकरी थापतात. त्या भाकरींचा आकार पाहून शेजारीपाजारी हसतात. सासूबाई पहिले काही रविवार सूचना देत दारातच उभ्या राहत; आता त्या वेळी चष्मा लावून, ओट्यावर बसून आदल्या आठवड्याची वर्तमानपत्रे वाचीत असतात.