ज्याचे काम त्याच्या हाती



अरणचे सावतोबा मळ्यात रमले, तेरचे गोरोबाकाका चाकावर. दैवत एकच, हातोटी निराळी. स्वकर्मानेच ईश्वराची पूजा करावी, असे गीतेचा अठरावा अध्याय सांगतो.

‘हे मला साधते’ ही जाणीव मनाचे अन्नच होय. १९७६ साली एलेन लँगर व ज्युडिथ रोडिन या विदुषींनी अमेरिकेतील एका वृद्धाश्रमाविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. तेथील काही वृद्धांवर एकेक रोप व दिनक्रमातील लहानसहान निर्णय सोपविले होते; इतरांची रोपे परिचारिका सांभाळीत. पहिले वृद्ध अधिक प्रसन्न व तरतरीत आढळले.

आपण मात्र ‘आता स्वस्थ बसा’ म्हणून आजीच्या हातचा कापूस काढून घेतो. हेतू आदराचा, पण त्याने तिचे समाधान हिरावते. कोणास वाती वळण्यात धन्यता वाटते, कोणास हिशेब लिहिण्यात, कोणास नातवंडांकडून परवचा म्हणवून घेण्यात. कोणी खरोखरच थकलेला असतो. म्हणून आपण आधी विचारावे, आणि ज्याला जे साधते ते त्याच्या हाती राहू द्यावे. वात किंचित वाकडी वळली, तरी देवापुढे उजेड तितकाच पडतो.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥