आबांचं घड्याळ आणि देवीपुढचा ढोल



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १०, श्लोक ३०.

दहावा अध्याय म्हणजे विभूतियोग. अर्जुन विचारतो, देवा, तुला मी कुठे कुठे पाहू? आणि भगवंत एकेक खूण सांगत जातात. आजच्या श्लोकात चार खुणा आहेत. दैत्यांमध्ये प्रल्हाद, मोजणाऱ्यांमध्ये काळ, पशूंमध्ये सिंह, पक्ष्यांमध्ये गरुड. सिंह आणि गरुड लगेच पटतात. पण प्रल्हाद आणि काळ एकाच श्लोकात शेजारी का बसलेत, हा प्रश्न मला बरीच वर्षं होता. त्याचं थोडंसं उत्तर मला यंदा नवरात्रात गावी मिळालं.

माझं गाव घोडेगाव, नेवासा तालुका. नगरहून संभाजीनगरकडे जाताना शनिशिंगणापूरला जिथून वळतात, ते. याच तालुक्यात, नेवाशाला, ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० ला, हाच अध्याय आपल्या मराठीत उलगडून सांगितला. आमची ग्रामदेवता घोडेश्वरी. नवरात्रात तिच्यापुढे पोरं ढोल वाजवतात.

त्यातला एक कॉलेजात जाणारा मुलगा माझ्याजवळ आला. मनगटावर जुनं एचएमटी, चावीचं. म्हणाला, "दादा, हे आबांचं. उन्हाळ्यात गेले ते. हे घालून ढोल वाजवला तर चालंल का? काहीजण म्हणतात, खराब होतं."

मी म्हटलं, "देवीपुढे वाजवतोय तर ती सांभाळेल, असं नाही वाटत तुला?"

तो म्हणाला, "वाटतं. पण बंद पडलं तर? आबा रोज सकाळी चहाच्या आधी चावी द्यायचे. आता मी देतो. ते बंद पडलं तर मग आबांचं काहीच चालू राहणार नाही."

मित्रांनो, हा प्रश्न घड्याळाचा नव्हता, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. तरी आधी घड्याळाचंच बोलू. अध्यात्माच्या नावाखाली व्यवहाराचं उत्तर टाळू नये.

एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरात सुरू झाला. २०१६ मध्ये सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. म्हणजे आता एखादा भाग मोडला तर कारागीर तो बहुधा दुसऱ्या जुन्या घड्याळातूनच काढतो. या चावीच्या घड्याळात एक छोटं चाक असतं, बॅलन्स व्हील. ते एका केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या जोरावर इकडून तिकडे झुलतं. त्याच्या आसाची टोकंही तितकीच नाजूक. आणि ढोल वाजवताना काय होतं? उजव्या हातात टिपरू, डाव्या हाताची थेट पानावर थाप. घड्याळ बहुतेकांच्या डाव्याच हातात! एका थापेने काही होणार नाही कदाचित. पण तासभर तशा थापा बसल्या तर स्क्रू ढिले होऊ शकतात, स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटून घड्याळ पुढे पळू शकतं. वर घाम आणि गुलाल. त्यामुळे सरळ उत्तर : काढून ठेव. वेळ बघायचीच असेल तर साधं सेलचं घड्याळ घाल.

आता प्रल्हाद. त्या घड्याळाच्या तबकडीवर 'पॅराशॉक' असं लिहिलेलं असतं. म्हणजे काय, तर आसाचं टोक ज्या खड्यावर टेकतं, तो खडा घट्ट बसवलेला नसतो. त्याला वरून एक पातळ स्प्रिंग धरून ठेवते. धक्का बसला की खडा किंचित सरकतो, घाव अंगावरून जाऊ देतो आणि पुन्हा जागेवर येतो. खडा घट्ट असता तर टोक मोडलं असतं. प्रल्हादाचंही तेच ना? डोंगरावरून ढकललं, आगीत बसवलं, पण तो अडून, ताठून उभा राहिला नाही. त्याने भार नारायणावर टाकला आणि पुन्हा नामावर आला. दुःख आलं की आपण ताठतो. 'मी रडणार नाही', 'मी काही बदलू देणार नाही', असं घट्ट धरून बसतो. ज्याचं मन थोडं हलायला तयार असतं, तो वाचतो. रडू येत असेल तर येऊ दे. पुन्हा नामावर ये, म्हणजे झालं.

आणि काळ. असं घड्याळ सेकंदाला पाच ठोके देतं. तासाला १८,०००, दिवसाला ४,३२,०००. आपल्या पुराणांत कलियुगाची वर्षंही ४,३२,००० च सांगितली आहेत. योगायोगच, पण आकडा मनात ठेवण्यासारखा आहे. शिंगणापूरचा शनैश्चर, म्हणजे हळू चालणारा, सूर्याभोवती एक फेरी मारायला साधारण साडेएकोणतीस वर्षं घेतो. घड्याळही मोजतं, शनीही मोजतो. पण मोजणारा कुणीही काळाला धरून ठेवत नाही. भगवंत म्हणतात, या सगळ्या मोजण्यात जो आहे, तो मी. म्हणजे घड्याळ थांबलं तरी काळ थांबत नाही. आणि जो काळात सगळीकडे आहे, त्याच्याकडे गेलेला माणूस एका डबीत कसा मावेल?

मी त्या मुलाला विचारलं, "ढोल तुला कुणी शिकवला?"

"आबांनीच. मांडीवर थाप मारून ठेका मोजायला लावायचे."

"मग आबांचं काय चालू आहे, ते तूच सांग."

तो काही बोलला नाही. घड्याळ काढलं आणि मंदिराच्या पायरीवर बसलेल्या आजीकडे दिलं. आजीने ते कानाला लावलं, थोडा वेळ ऐकलं आणि पदराच्या गाठीत बांधलं. मग ताशा कडाडला आणि पोरांनी ढोल उचलले. ढोलाचा ठेका मनगटाकडे बघून लागत नाही. ताशाकडे कान ठेवावा लागतो.

आपल्यापैकी कितीतरी जणांकडे असं काहीतरी असतं. आईची बांगडी, बाबांचा पेन, मोबाईलमधला एखादा जुना व्हॉइस मेसेज. ते जपणं म्हणजे आसक्तीच, असं मी म्हणणार नाही. सोपवलेली वस्तू नीट सांभाळणं हीसुद्धा सेवा आहे. पण घाव झेलणं हा ढोलाचा धर्म आणि घावापासून दूर राहणं हा घड्याळाचा. दोन्ही एकाच मनगटावर लादू नका. वस्तूला तिची जागा द्या आणि हात सेवेसाठी मोकळा ठेवा.

आजचा छोटा संकल्प : ज्यांची आठवण येते, त्यांनी शिकवलेली एक गोष्ट आज करा. फोटो काढू नका, पोस्ट करू नका. फक्त करा. आणि करताना मनात म्हणा, हा काळही तूच आहेस, देवा.

राम कृष्ण हरी!