तीन पावलं जमीन

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या घरी आजी अजूनही म्हणते, ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’ लहानपणी मी विचारायचो, बळी एवढा चांगला होता तर त्याला पाताळात का गाडलं? ती म्हणायची, “शब्द दिला होता ना त्यानं.”

बरीच वर्षं हे उत्तर मला पुरलं. वामनानं तीन पावलं जमीन मागितली. हा बटू साधा नाही, देऊ नकोस, असं शुक्राचार्यांनी बजावलं. तरी बळीनं दिली. दोन पावलांत पृथ्वी आणि स्वर्ग गेला, तिसऱ्यासाठी त्यानं डोकं पुढं केलं. मी अ‍ॅप बनवतो, त्यात लोक अटी न वाचताच ‘मान्य आहे’ दाबतात. बळीला तर अटी वाचून दाखवल्या होत्या! त्यामुळे तो फसला, असंही धड म्हणता येत नाही.

पण मी जासईचा. इथं जमिनीची कुठलीही गोष्ट वेगळी ऐकू येते. 1970 नंतर नवी मुंबईसाठी आमच्या भागातल्या जमिनी संपादित होत गेल्या. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळतात, ते या लढ्यामुळे.

हे ऐकत वाढल्यावर बळीची गोष्ट अडते. डोकं त्याचं स्वतःचं होतं, ते त्यानं खुशाल द्यावं. पण पहिल्या पावलात गेलेली पृथ्वी कुणाची होती? तिच्यात भात लावणाऱ्यांना कुणी विचारलं?

थॉर-लोकीच्या सिनेमांमुळे मी नॉर्स राजांच्या गोष्टी वाचायला लागलो. तेराव्या शतकातल्या ‘इंग्लिंग सागा’त स्वीडनचा दोमाल्दी नावाचा राजा आहे. दुष्काळ पडला. लोकांनी पहिल्या वर्षी बैल बळी दिले, दुसऱ्या वर्षी माणसं, तिसऱ्या वर्षी राजालाच. भयंकर आहे, समर्थन अजिबात नाही. पण तिथं शेतांसाठी राजा गेला. आपल्याकडं राजाच्या शब्दासाठी शेतं गेली.

जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (1873) बळीला रयतेचा राजा आणि वामनाला आक्रमक ठरवलं. मला ते पटतं. पण घेणारा लबाड ठरला म्हणून देणाऱ्याचा प्रश्न सुटत नाही.

यंदा आजीला हे सगळं सांगितलं. तिनं ताटातली वात पुढं सारली. “राजा होता, चुकला असेल,” म्हणाली आणि ओवाळायला उठली.