जुने लेथ आणि घेणाऱ्याचे मौन

लाकूड कातण्याचे लेथ हे फारसे गुंतागुंतीचे यंत्र नाही. बिडाचा बेड, एका टोकाला फिरत्या स्पिंडलचे हेडस्टॉक, दुसऱ्या टोकाला लाकूड दाबून धरणारे टेलस्टॉक, मध्ये पटाशी टेकवायला टूल रेस्ट आणि पट्ट्याने जोडलेली मोटार, एवढाच त्याचा पसारा. बीड सहजासहजी झिजत नाही. बेअरिंग, पट्टे आणि मोटार बदलता येतात. जुन्या यंत्राचा जडपणाही उपयोगाचाच, कारण ओबडधोबड लाकूड फिरताना जड लेथ कमी थरथरते. म्हणून घरी छोटे वर्कशॉप थाटणारा हौशी माणूस बहुधा वापरलेल्या लेथच्या शोधात असतो. अशा खरेदीत किमतीच्या घासाघिशीइतकाच जुना असा एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. व्यवहारातल्या एकाला जे माहीत आहे, ते त्याने दुसऱ्याला सांगायला हवे का, आणि हवे तर किती?

या प्रश्नाचा परिचित भाग विकणाऱ्याकडचा आहे. तडकलेले बीड पितळेने सांधून वर रंग फासता येतो. खडखडणाऱ्या बेअरिंगमध्ये घट्ट ग्रीस भरले की तासभर आवाज दबतो. यंत्र कारखान्यातून आलेले असेल तर मोटार 415 व्होल्टच्या थ्री फेजची असते आणि घरात 230 व्होल्टचा सिंगल फेज. हा फरक यंत्र घरी आल्यावर लक्षात आला तर खर्च वाढतो. काही दोष हातानेच कळतात. स्पिंडल धरून मागेपुढे हलवून पाहिला की बेअरिंगमधली ढिलाई जाणवते. टेलस्टॉक सरकवत आणून दोन्ही सेंटरची टोके एकमेकांना भिडवली की ती एका रेषेत आहेत की नाहीत हे दिसते. पण रंगाखालचा सांधा दिसत नाही, आणि तो कुठे आहे हे विकणाऱ्याला बहुधा ठाऊक असते.

भारतीय धर्मशास्त्राने हा प्रश्न व्यवहाराच्या अंगाने हाताळला. खरेदी-विक्रीचा पश्चात्ताप, म्हणजे क्रयविक्रयानुशय, हे मनुस्मृतीने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांपैकी एक. सौदा मोडायला मनू दहा दिवसांची मुदत देतो. याज्ञवल्क्यस्मृती अधिक बारकाईने मालाप्रमाणे परीक्षेची मुदत ठरवते: बियाण्याला दहा दिवस, रत्नाला सात, ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच, दुभत्याला तीन आणि लोखंडाला फक्त एक. याच यादीत दास-दासींच्याही मुदती आहेत, हे विसरून तिचे कौतुक करता येणार नाही. मुदतींमागचा हिशेब मात्र स्पष्ट आहे. दोष उघडा पडायला त्या वस्तूला जितका वेळ लागतो तितका वेळ घेणाऱ्याला द्यायचा. बियाणे उगवून यावे लागते. लोखंडाचा तुकडा ठोकून, वाकवून एका दिवसात पारखता येतो. लेथ लोखंडाचे असले तरी त्याचे दोष बियाण्याच्या जातीचे असतात. बेअरिंग तापायला आणि पट्टा घसरायला काम करून पाहावे लागते.

नारदस्मृती तर थेट वापरलेल्या मालाकडे वळते. अंगावर घालून मळलेले, जीर्ण झालेले वस्त्र दोषासकट विकत घेतले असेल, तर ते विकणाऱ्याच्या गळ्यात परत बांधता येत नाही. वस्त्र पहिल्यांदा धुतले की किंमत आठव्या हिश्श्याने उतरते, दुसऱ्यांदा चौथ्या, तिसऱ्यांदा तिसऱ्या आणि चौथ्यांदा निम्म्याने, असा कोष्टकासारखा हिशेबही तिथे आहे. कौटिल्याला जुन्या मालाबद्दल वेगळी चिंता होती. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात तो सांगतो की जुन्या वस्तूंची विक्री किंवा गहाण बाजारातच आणि मालकी सिद्ध केल्यावरच होऊ द्यावे. जुना माल म्हणजे चोरीचा माल असण्याची शक्यता, हे समीकरण मुंबईच्या चोर बाजाराच्या नावाइतकेच सरळ आहे. जैन आचारशास्त्रानेही चोरून आणलेली वस्तू घेणे हा अस्तेय व्रताचा अतिचार मानला; तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात तो खोट्या वजन-मापांच्या पंगतीला बसतो. तेव्हा कारखान्याच्या नावाची पट्टी खरवडलेले, विकणाऱ्याला कुठून आले ते सांगता न येणारे लेथ कितीही स्वस्त असले तरी त्याची चर्चा इथेच संपते.

दोष लपवण्याविषयी पश्चिमेतला सर्वांत गाजलेला वाद रोमन विचारवंत सिसेरोने इ.स.पू. 44 मध्ये लिहिलेल्या कर्तव्यांवरील ग्रंथात येतो. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला माहीत आहे की मागून आणखी जहाजे येत आहेत. त्याने ते सांगावे का? बॅबिलोनच्या डायोजिनीसचे म्हणणे असे की कायद्याला अपेक्षित तेवढे दोष सांगावेत, बाकी गप्प राहावे. न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, घेणाऱ्याला कळले पाहिजे असे काहीही झाकू नये. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो. इस्लामी परंपरेत हाच निवाडा एका प्रसंगातून होतो: धान्याच्या राशीत पैगंबरांनी हात घातला, आतले धान्य ओले निघाले, तेव्हा ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असा त्यांनी व्यापाऱ्याला जाब विचारला. विकणाऱ्याच्या मौनाबद्दल एवढे लिहिले गेले आहे की आता फारसे वादाला उरलेले नाही.

जुन्या हत्यारांच्या बाजारात मात्र पारडे अनेकदा उलट्या बाजूला झुकते. कातकाम करणारा माणूस वारतो, मुले दुसऱ्या शहरात असतात, घर रिकामे करायचे असते. शेडमधल्या त्या अवजड यंत्राचे काय करायचे हे घरातल्या कोणालाच माहीत नसते. भंगारवाला किलोच्या भावाने घ्यायला तयार असतो. अशा वेळी जाणकार घेणारा येतो. नावाची पट्टी वाचताच त्याला कळते की हे जुन्या नावाजलेल्या कारखान्याचे यंत्र आहे. खालच्या खोक्यात चार जबड्यांचा चक आहे, हाय स्पीड स्टीलच्या गोल आणि तिरप्या पटाश्या आहेत, आणि त्या खोक्याचीच किंमत मागितलेल्या रकमेपेक्षा जास्त भरते. आता माहिती घेणाऱ्याकडे आहे आणि गप्प बसण्याचा मोहही त्यालाच आहे. विकणाऱ्याला शपथेवर बोलायला लावणारी शास्त्रे इथे बरीच मितभाषी होतात.

तरी अगदीच मुकी होत नाहीत. सिसेरोच त्याच ग्रंथात क्विंटस स्केव्होलाची गोष्ट सांगतो. जमीन घेताना त्याने एकच शेवटची किंमत विचारली, ती ऐकून आपल्या मते जमीन जास्त मोलाची आहे असे सांगितले आणि एक लाख सेस्टर्स वर मोजले. ऑगस्टिनने त्रैक्यावरील ग्रंथात अशाच एका माणसाचा उल्लेख केला आहे. हस्तलिखित विकणाऱ्याला त्याचे मोल कळत नसताना या माणसाने मागितलेल्या क्षुल्लक रकमेऐवजी योग्य किंमत दिली. दोघेही सज्जन, पण सज्जनांच्या गोष्टींतून नियम निघतोच असे नाही. सिसेरोच नमूद करतो की स्केव्होलाचे वागणे चांगल्या माणसाचे होते हे सगळे मान्य करतात, शहाण्याचे होते हे मात्र करत नाहीत.

नियम तेराव्या शतकात ख्रिस्ती धर्मचिंतक थॉमस अॅक्विनासने बांधला. सोने पितळ समजून विकणाऱ्याकडून ते जाणूनबुजून घेणारा अन्याय करतो आणि त्याच्यावर भरपाईचे बंधन येते. विकणाऱ्याला लागू असलेली दोषाची सगळी चर्चा घेणाऱ्यालाही लागू, असे तो स्पष्टच म्हणतो. ज्यू कायदा तर याहून पुढे जातो. मिश्ना या ज्यू नियमसंग्रहानुसार किमतीत एक षष्ठांशाची तफावत असेल तर फरक परत मागता येतो, तोही घेणाऱ्याला आणि विकणाऱ्यालाही. मात्र मुदत दोघांना सारखी नाही. घेणाऱ्याच्या हातात वस्तू असते, ती तो व्यापाऱ्याला किंवा नातेवाइकाला दाखवू शकतो. म्हणून त्याला तेवढाच वेळ. विकणाऱ्याच्या हातून वस्तू गेलेली असते, त्यामुळे तालमूदच्या मते तो कधीही परत येऊ शकतो. अज्ञान कोणत्या बाजूला जास्त काळ टिकते याचा इतका नेमका विचार क्वचितच आढळतो. स्वतःच्या वापरातली भांडी-अवजारे विकणाऱ्या गृहस्थाने किंमत जास्त लावली तर घेणाऱ्याने तक्रार करू नये, असाही तिथे एक पक्ष आहे, कारण माणसाला स्वतःची वस्तू प्रिय असते आणि ती स्वस्तात देणे त्याच्या जिवावर येते. वडिलांच्या लेथची किंमत भावनेच्या भरात वाढवून सांगणाऱ्या मुलाला हा पक्ष चांगलाच उपयोगी पडेल.

गप्प राहणाऱ्या घेणाऱ्याच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. त्याची पारख फुकट आलेली नाही. वर्षानुवर्षे यंत्रे उघडून, चुकीची खरेदी करून ती कमावलेली आहे. ती प्रत्येक सौद्यात वाटून टाकायची ठरली तर कमावण्यात अर्थ काय? भारतीय करार कायदा, 1872 याच्या सतराव्या कलमात हाच कल दिसतो. बोलण्याचे कर्तव्य नसेल तर नुसते मौन म्हणजे कपट नाही. किमती बदलल्याची खासगी बातमी कळलेल्या व्यापाऱ्याने ती दुसऱ्या व्यापाऱ्याला सांगण्याचे बंधन नाही, असे त्यातले उदाहरणच सांगते. अॅक्विनासही धान्याच्या व्यापाऱ्याला मागून येणाऱ्या जहाजांची बातमी देण्यातून सूट देतो. दिली तर ते अधिक सद्गुणाचे, न दिली तर अन्याय नव्हे.

हा बचाव भक्कम आहे, पण तो ज्या माहितीसाठी उभा केला जातो ती एका प्रकारची नसते. जंगलेला बेड घासून, बेअरिंग बदलून, थ्री फेजच्या मोटारीला ड्राइव्ह लावून हे यंत्र पुन्हा उत्तम चालेल, ही माहिती घेणाऱ्याच्या हाताची आणि मेहनतीची आहे. तिची किंमत विकणाऱ्याला देणे लागत नाही. अॅक्विनासही म्हणतो की घेणाऱ्याला वस्तूपासून होणाऱ्या खास लाभाचे पैसे विकणाऱ्याने लावू नयेत. खोक्यातला चक काय भावाने विकला जातो, ही माहिती मात्र घेणाऱ्याच्या कौशल्यातून उगवलेली नाही. ती बाजारातली आहे आणि आत्ता या वस्तूविषयी आहे. सोने-पितळेचा नियम तिलाच लागू पडतो. या दोन्ही एकाच "पारख" या शब्दाखाली मोडतात म्हणून बचाव पहिलीसाठी केला जातो आणि फायदा दुसरीचा घेतला जातो.

मौनाच्या पुढची पायरी म्हणजे मालाला नावे ठेवणे. घेणारा वस्तू वाईट म्हणतो आणि घरी जाऊन फुशारकी मारतो, हे हिब्रू नीतिसूत्रांच्या काळापासून नोंदलेले आहे. दोन व्यापाऱ्यांमध्ये हा खेळ दोघांना कळतो, त्यामुळे त्यात कोणी फसत नाही. यंत्राविषयी काहीच न जाणणाऱ्या घरात "याचे भाग आता मिळत नाहीत" हे वाक्य खोटी साक्ष ठरते, आणि खांदे उडवून तेच सुचवणेही फार वेगळे नाही. समोर कोण आहे यावर कर्तव्य बदलते ते इथे. जुन्या यंत्रांच्या दुकानदाराला भाव विचारायला दहा जण आहेत. त्याच्याशी गप्प राहून सौदा करण्यात अन्याय शोधणे जरा जास्तच होईल. भंगाराच्या काट्यावर यंत्र चढवायला निघालेल्या कुटुंबाला असा एकही माणूस नसतो.

योग्य किंमत तरी कोणती? ती एका बिंदूवर नसते, अंदाजानेच ठरते, हे अॅक्विनासलाही मान्य होते. लेथच्या बाबतीत तो अंदाज भलताच लवचिक आहे. दोन-तीनशे किलोंचे यंत्र जिन्यावरून उतरवणे, टेम्पो, चार हमाल, हरवलेला टूल रेस्ट, बदलायची मोटार हे सगळे रास्तपणे वजा होते. विकणाऱ्याला जागा महिनाअखेर रिकामी हवी असेल तर त्या घाईचीही थोडी किंमत असते, जरी अडलेल्याच्या अडचणीतून काढलेली सूट सर्व परंपरांनी संशयाने पाहिली आहे. इतके वजा करूनही मागितलेली रक्कम अंदाजाच्या खालच्या टोकाच्याही बरीच खाली राहिली, तर तेवढा फरक बोलून दाखवावा लागतो. बोलल्यावरही विकणाऱ्याने "हे काम पुढे चालू राहावे" म्हणून जुनाच भाव ठेवला, तर तो त्याचा अधिकार आहे. फरकाची रक्कम आता जाणून दिलेले दान होते.

उरतो तो दोघांनाही काही माहीत नसल्याचा प्रसंग. यंत्र घरी येते, स्टँडचा गंजलेला खण उघडतो आणि आत मौल्यवान हत्यारे निघतात. इथे कोणी काही लपवलेले नसते, त्यामुळे मौनाचा नियम लागू होत नाही; प्रश्न उरतो तो सौद्यात काय काय मोडत होते याचा. जेरुसलेम तालमूदमध्ये शिमोन बेन शेताख याची गोष्ट आहे. त्याच्या शिष्यांनी परक्या माणसाकडून गाढव घेतले आणि गाढवाच्या अंगावर रत्न सापडले. ते ठेवून घ्यायला कायद्याची आडकाठी नव्हती, पण विकणाऱ्याला त्याची कल्पना होती का, एवढेच शिमोनने विचारले आणि नाही म्हटल्यावर रत्न परत पाठवले. खणातल्या हत्यारांबाबतही पहिला प्रश्न तोच येतो, आणि तो विचारायला विकणाऱ्याचा फोन नंबर बहुधा घेणाऱ्याकडे असतोच.